डेस्कटॉपची पॉवर शिकताना: आधी क्रम, मग कनेक्टर

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या कामाला लागणारी नवी मुलं बहुतेक वेळा एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या, वायरींचे रंग पाठ करून येतात. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. हे यायलाच हवं. पण बंद पडलेलं मशीन टेबलावर आलं की या पाठांतराच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते: कशानंतर काय येतं याची जाण. मी इतकी वर्षं शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी हा क्रमच सांगत आलो आहे. तो डोक्यात बसला की कनेक्टर आपसूक लक्षात राहतात.

भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच चालू केला की, मशीन बंद असलं तरी, एसएमपीएसचा एक छोटा भाग लगेच कामाला लागतो आणि जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देतो. हा स्टँडबाय सप्लाय. कॅबिनेटचं बटण दाबलं हे मदरबोर्डला कळतं ते याच ५ व्होल्टच्या जोरावर. मग मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टजवळ, ओढतो. एसएमपीएससाठी ती सुरू होण्याची खूण. त्यानंतर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट येतात, आणि ते स्थिरावल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरवर साधारण ५ व्होल्ट दिसतात. हा 'पॉवर गुड' सिग्नल. तो मिळेपर्यंत प्रोसेसर रिसेटमध्येच थांबवून ठेवलेला असतो.

आता मशीन डेड आहे म्हटल्यावर काय तपासायचं, ते या क्रमानेच ठरतं. जांभळी आधी. ती नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. ती ठीक असेल तर बटण दाबल्यावर हिरवी शून्याजवळ येते का बघा. येत नसेल तर संशय बटणावर किंवा मदरबोर्डवर. येते पण पंखा हलत नाही, तर एसएमपीएस खराब असू शकतो किंवा बाहेर कुठे शॉर्ट असल्यामुळे तो स्वतःला बंद करत असतो. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, तर राखाडी बघा.

'मदरबोर्ड गेलाय' अशी चिठ्ठी लावून एक मशीन आमच्याकडे आलं होतं. बटण कधी चालायचं, कधी नाही. जांभळ्या वायरवर मीटर लावला तर चार व्होल्टच्या जरा वर. तिथे किमान ४.७५ हवेत. दुसरा एसएमपीएस जोडला आणि तोच 'गेलेला' बोर्ड व्यवस्थित चालू झाला. स्टँडबायचं सर्किट रात्रंदिवस चालू असतं, म्हणून तिथले कपॅसिटर थकलेले अनेकदा सापडतात. असा चांगला बोर्ड भंगारात जाताना बघणं मला फार लागतं, म्हणून जांभळ्या वायरबद्दल माझा एवढा आग्रह.

मोजमापाचे आकडे तोंडपाठ हवेत. १२, ५ आणि ३.३ या तिन्हींना पाच टक्के वर-खाली चालतं: १२ साठी ११.४ ते १२.६, ५ साठी ४.७५ ते ५.२५, ३.३ साठी साधारण ३.१४ ते ३.४६. निळ्या वायरवरच्या उणे १२ ला दहा टक्क्यांची मुभा आहे. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूवर टेकवा आणि लाल प्रोब कनेक्टर लावलेला असतानाच मागून, वायरीच्या बाजूने आत सरकवा. लोडवर मोजलेला आकडा खरा. हिरवी-काळी वायर तारेने जोडून एसएमपीएस टेबलावर फिरवतात, त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. मशीनचा भार तो पेलेल का, हे कळत नाही. शिवाय मीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवरची रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला वेगवान चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत आहे का, हे बघायला ऑसिलोस्कोपच लागतो.

सगळीकडे १२ व्होल्टचंच राज्य का, हा प्रश्न प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा. १९९५ साली एटीएक्स, म्हणजे आजच्या डेस्कटॉप बोर्ड-एसएमपीएसचं मानक, आलं तेव्हा प्रोसेसरचा भार मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर होता. २००० साली पेंटियम ४ बरोबर १२ व्होल्टचा चार पिनांचा चौकोनी कनेक्टर आला, कारण हिशोबच तसा होता. प्रोसेसरला १.२ व्होल्टवर १२० वॉट लागत असतील तर तो करंट होतो १०० अँपिअर. तेवढा करंट एसएमपीएसपासून वायरींनी आणायचा तर वायरी तापतील, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच १२० वॉट १२ व्होल्टवर आणले तर दहाच अँपिअर. १२ वरून प्रोसेसरच्या व्होल्टेजपर्यंतची शेवटची पायरी त्याच्या अगदी शेजारचं व्हीआरएम, म्हणजे मदरबोर्डवरचं व्होल्टेज उतरवणारं सर्किट, उतरतं. म्हणून जुना एसएमपीएस वापरताना लेबलवरचे एकूण वॉट बाजूला ठेवा आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. जुन्यांत बरीचशी ताकद ५ व्होल्टवर असते, आणि आजच्या मशीनला तिचा उपयोग नाही.

कनेक्टरमध्ये सर्वात जास्त जपायचं ते आठ पिनांच्या जोडीला. प्रोसेसरचा आठ पिनी आणि ग्राफिक्स कार्डचा आठ पिनी दिसायला जुळे, पण आतून उलटे. प्रोसेसरच्या कनेक्टरवर १२ व्होल्टच्या वायरी क्लिपच्या बाजूला असतात, ग्राफिक्सच्या कनेक्टरवर क्लिपच्या बाजूला ग्राउंड. पिनांच्या चौकोनी आणि कडा कापलेल्या आकारांमुळे चुकीचा कनेक्टर अडतो. अडला की हात मागे घ्या आणि केबलवरचं नाव वाचा. सगळ्या वायरी काळ्या असलेल्या एसएमपीएसमध्ये रंगाचा आधार नसतो, तिथे ही क्लिपची खूण फार उपयोगी पडते.

मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलची गोष्ट याहून गंभीर. मदरबोर्डकडचं टोक ठरलेलं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही सामाईक मानक नाही. दुसऱ्या मॉडेलची केबल सहज बसते आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. नवा एसएमपीएस बसवताना जुन्या केबल तशाच ठेवलेल्या मशीनमधल्या सगळ्या डिस्क एका क्षणात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एसएमपीएस बदलला की केबलही बदला, कंपनी तीच असली तरीसुद्धा.

डिस्कला पॉवर देणाऱ्या साटा कनेक्टरच्या १५ पिनांत ३.३, ५ आणि १२ यांना प्रत्येकी तीन पिना आहेत. पुढच्या साटा आवृत्तीत ३.३ च्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचं काम दिलं गेलं. जुना एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ देतच राहतो, त्यामुळे सर्व्हरसाठी बनलेल्या काही डिस्क त्यावर फिरतच नाहीत आणि लोक त्या मेल्या समजतात. मोलेक्स या जुन्या चार पिनी कनेक्टरमधून ३.३ येत नाही, म्हणून मोलेक्स-साटा अडॅप्टर लावला की त्या चालतात. मात्र एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला अडॅप्टर नको, त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका असतो.

ग्राफिक्स कार्डला स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनीतून ७५ आणि आठ पिनीतून १५० मिळतात. सोळा पिनी कनेक्टर मात्र ६०० वॉटपर्यंत जातो. म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, त्यातल्या १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटलेले. कनेक्टर थोडा जरी बाहेर राहिला तरी संपर्क तापून प्लास्टिक वितळतं. २०२३ च्या सुधारित रचनेत कार्डला खूण देणाऱ्या छोट्या सेन्स पिना आखूड केल्या, जेणेकरून तो पूर्ण बसल्याशिवाय कार्ड पॉवर घेणार नाही. तरीही बसवल्यावर डोळ्यांनी बघा: फट दिसता कामा नये, आणि तोंडाशीच केबल वाकवू नका.

एसएमपीएसचा डबा पहिल्या वर्षात उघडू नका, हे मी कडकपणे सांगतो. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० हून अधिक व्होल्ट डीसी उरलेले असू शकतात. त्याऐवजी एखादं सुस्थितीतलं मशीन घ्या आणि जांभळी, हिरवी, राखाडी, मग तिन्ही मुख्य सप्लाय, असे सगळे आकडे बंद असताना, चालू असताना आणि पूर्ण लोडवर वहीत लिहून काढा. पुढच्या प्रत्येक बिघडलेल्या मशीनशी तुलना करायला तेच पान उघडायचं आहे.