बाळ रात्री झोपत नाही? वन रूम किचनमधली रात्र निभवायची कशी

मुलगी झाली तेव्हा भांडुपच्या आमच्या वन रूम किचनमध्ये आम्ही पाच माणसं होतो आणि रूळ हाकेच्या अंतरावर. शेवटची लोकल एकच्या सुमारास जायची, पहिली चारच्या आसपास यायची. मधले तीन तास काय ती शांतता, आणि नेमक्या त्याच वेळात आमच्या कन्येचे डोळे टक्क उघडे. लोकलच्या खडखडाटात मात्र गाढ झोपायची. त्यामुळे ‘मुंबईच्या आवाजाने बाळ झोपत नाही’ हे मी तरी फारसं मानत नाही. एकसुरी आवाज बाळाला चालतो. पंख्याची घरघरही चालते. दचकवतो तो मध्येच वाजणारा हॉर्न, नाहीतर मालिकेतलं अचानक सुरू झालेलं संगीत.

आधी बाळाचं वय बघा

नवजात बाळ दिवसाला साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. पोट एवढंसं, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागते. रात्र आणि दिवस यांतला फरक शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. तोवर रात्री चारदा उठणारं बाळ आजारी नसतं, ते फक्त लहान असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडण बदलते आणि जरा बसलेली घडी पुन्हा विस्कटते. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आईने दोन वेळा मीठ-मोहरीने दृष्ट काढली. तिला बरं वाटलं, हाही फायदाच.

दिवस आणि रात्र वेगळी करा

एका खोलीत हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं. सकाळी पडदे उघडा, बाळाला गॅलरीत न्या, गप्पा मारा. दिवसा झोपलंय म्हणून कुकरची शिटी अडवू नका. रात्री उलट करा. ट्यूबलाइट बंद, झीरोचा दिवा चालू, दूध पाजताना बोलणं नाही, डोळ्यांत डोळे घालून हसवणं तर नाहीच. लंगोट किंवा डायपर फार ओला किंवा शी झालेला असेल तरच बदला.

आमच्याकडे खरा प्रश्न टीव्हीचा होता. आईच्या मालिका साडेसात ते दहा, आणि एकच खोली. शेवटी तह झाला: साडेआठनंतर टीव्ही बंद, उरलेल्या मालिका आई मोबाइलवर, कानात इयरफोन घालून, स्वयंपाकघरात बसून बघणार. सासूला हे सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेलं बरं असतं.

मग रोज त्याच क्रमाने करा: कोमट पाण्याने अंग पुसणं, कोरडे कपडे, दूध, ढेकर, अंगाई. वीस मिनिटं पुरतात. डोळे जड झाले की पूर्ण झोप लागायच्या आत खाली ठेवून थोपटा. बाळाची झोप साधारण पाऊण-एक तासाने हलकी होते. हातांवर किंवा झोळीत झोपलेलं बाळ तेव्हा डोळे किलकिले करतं आणि तोच झोका मागतं. साडीची झोळी आम्हीही बांधली होती. शांत करायला तिच्यासारखं काही नाही, पण रात्रभराची झोप तिच्यात नको. मान दुमडून हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो.

झोपवायचं कुठे

पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. गोधडी, मऊ खेळणी बाजूला ठेवा. जमिनीवरची गादी चालेल, पण दोन मोठ्यांच्या मध्ये बाळ नको. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं तर मुळीच नको. दारू प्यायलेल्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या माणसाशेजारी बाळ झोपवू नका. मच्छरदाणी हवीच.

मुंबईत थंडीपेक्षा उकाडाच जास्त उठवतो. हातपाय गार लागले म्हणून मे महिन्यात कुंची आणि मोजे चढवू नका. हात लावायचा तो मानेला मागे किंवा छातीला. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. झोपताना टोपडं काढून टाका. धुरीही नको. बंद खोलीत तो धूर बाळाच्याच छातीत जातो.

जायफळ, गुटी, मध

‘जायफळाचा एक वळसा दे, गप झोपेल’ असं शेजारच्या मावशी सांगतातच. सहाणेवर उगाळताना एका वळशात किती उतरलं हे कुणी मोजत नाही, आणि जायफळ जास्त झालं की चढतं. शंभर वर्षांपूर्वी गिरणगावातल्या कामगार बायका पाळीवर जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता, आपल्याकडे आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको. बाळाला वरचं दूध सुरू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या. मध वर्षाच्या आत चाटवू नये, त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

रात्र वाटून घ्या

आम्ही पाळ्या लावल्या. दहा ते दोन बाळ माझ्याकडे. पाजण्यापुरतं बायकोला उठवायचं. ढेकर, लंगोट, थोपटणं माझं. दोननंतर ती. सलग चार तास कुणालाच मिळत नव्हते, पण जबाबदारी नसलेली डुलकीसुद्धा वेगळी लागते. सकाळच्या स्लो लोकलमध्ये विक्रोळी ते दादर मी उभ्या-उभ्या झोपायचो.

बाळ कुणकुणलं की लगेच उचलू नका, मिनिटभर थांबा. बऱ्याचदा झोपेतच चुळबुळ असते. काही बाळं संध्याकाळी तासन्‌तास रडतात. हे सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा आणि पाच मिनिटं गॅलरीत जा. गदागदा हलवायचं कधीच नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट ताप, दूध न ओढणं, लघवी कमी होणं, वजन न वाढणं, घोरताना श्वास अडकणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. फक्त वजनाचा प्रश्न असेल तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालेल. आईला दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर तेही दाखवण्याजोगंच आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या रात्री मात्र वरचे बरेच नियम गुंडाळून ठेवा. कडेवर घ्या, हवं तितकं पाजा. मी त्याच्या दुसऱ्या दिवशी सरळ रजा टाकायचो.