दोन्ही डगरींवर हात: अमेरिकेत संशोधनासाठी नव्याने आलेल्या डॉक्टरांना

नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक डॉक्टर मला पहिल्या फोनवर एकच विचारतो, "पायथॉन शिकू की आर?" या दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा, आणि दोन्ही चालतात. पण हा दहाव्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आत्ताचा व्हिसा तुम्हाला रुग्णाला हात लावू देतो का, आणि पुढचा व्हिसा कम्प्युटरसमोर बसू देईल का? डॉक्टरकी आणि संगणकीय जीवशास्त्र एकत्र करणाऱ्याची इथली निम्मी कारकीर्द या दोन प्रश्नांच्या मधल्या बोळातून जाते.

पोस्टडॉक म्हणजे पदवीनंतर ठरावीक मुदतीसाठी लॅबमध्ये काम करणारा संशोधक. तसे येणारे बहुतेक जण संशोधकाच्या जे-१ या व्हिसावर असतात. त्याची कमाल मुदत पाच वर्षं. त्यावर रुग्णसेवा करता येत नाही. संशोधनाच्या ओघात येणारा जुजबी संपर्क तेवढा चालतो, तोही विद्यापीठाच्या पत्रासह. रेसिडेन्सीचा, म्हणजे रुग्णालयातल्या तज्ज्ञ-प्रशिक्षणाचा, जे-१ वेगळा. त्याची प्रायोजक ईसीएफएमजी, म्हणजे परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था, असते, आणि त्याला दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट चिकटलेली असते. ज्या देशांच्या संशोधकांनाही ही अट लागते, त्यांची अमेरिकी सरकारची एक 'कौशल्य यादी' आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव तिच्यातून निघालं, त्यामुळे सरकारी पैशावर न आलेल्या बऱ्याच संशोधकांवर आता ही अट नाही. रेसिडेन्सीवाल्यांची मात्र सुटका झालेली नाही. त्यांना परत जायचं नसेल तर माफी मिळवावी लागते. नेहमीचा मार्ग म्हणजे कॉनराड योजना: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ रुग्णसेवा. काम मोलाचं आहे, पण तिथे सहसा लॅब नसते. प्रयोगांचा धागा नेमका जिथे पक्का व्हायचा, तिथे तो तुटतो. माझे दोन हुशार मित्र असे संशोधनातून कायमचे गेले, आणि दोघांनाही रेसिडेन्सी घेताना कोणी हे सांगितलं नव्हतं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर रेसिडेन्सी केली तर ही अट लागत नाही, पण त्याआधी स्टेप थ्री (डॉक्टरकीच्या अमेरिकी परवान्यासाठीच्या 'स्टेप' परीक्षांतली शेवटची) उरकावी लागते आणि तो व्हिसा देणारे प्रोग्रॅम कमी. शिवाय नियम सध्या झपाट्याने बदलताहेत. माझ्या वेळचं ऐकून कागद भरू नका, विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता पैसा. एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी अमेरिकेची सरकारी संस्था. तिची के-०८ आणि के-२३ ही तरुण डॉक्टर-संशोधकांची ठरलेली अनुदानं. त्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि आपल्याकडच्यांची ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला माहीतच आहे. के-९९/आर-०० या पोस्टडॉकसाठीच्या अनुदानाला ही अट नव्हती, म्हणून आपल्यातल्या अनेकांनी त्याच दारातून प्रवेश केला. पण त्याचं घड्याळ चालू असतं: पोस्टडॉकच्या अनुभवाची चार वर्षं उलटली की अर्ज करता येत नाही. त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. "अजून एक पेपर होऊ दे, मग बघू" म्हणत बसलेले पाचव्या वर्षी माझ्याकडे येतात.

दुसरीकडे रेसिडेन्सीचेही प्रोग्रॅम पदवीला किती वर्षं झाली ते मोजतात, आणि सगळ्या स्टेप सात वर्षांच्या आत संपवा असं बऱ्याच राज्यांचे परवान्याचे नियम सांगतात. माझं मत विचाराल तर दोन वर्षं पोस्टडॉक, त्यातच स्टेप उरकायच्या, फार तर तिसरं वर्ष. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण नाहीत, नुसतं पास-नापास. त्यामुळे स्टेप टू आणि हातातलं संशोधन यांना वजन आलंय. इंटर्नल मेडिसिनला जाणार असाल तर रिसर्च पाथवेबद्दल आवर्जून विचारा. त्यात मेडिसिनची वर्षं तीनऐवजी दोन होतात आणि पुढे तीन वर्षं ८० टक्के वेळ संशोधनाला मिळतो.

हे सगळं रुक्ष वाटेल. कामाची मजा पुढे आहे.

माझं पहिलं संगणकी मॉडेल आयसीयूतला कोणता रुग्ण ४८ तासांत दगावेल ते सांगायचं, आणि आकडे इतके सुरेख की मी दोन दिवस हवेत होतो. मग आयसीयूतल्या एका सिस्टरला ते दाखवलं. मॉडेल ज्यांवर सर्वात जास्त विसंबलं होतं ते वरचे पाच घटक तिने वाचले आणि हसली. सर्वात वरचा होता मॉर्फिनचा ड्रिप. घरच्यांनी उपचार थांबवायचं ठरवल्यावर जो लावतात, तो. मॉडेलने मृत्यू ओळखला नव्हता, डॉक्टरांनी आधीच घेतलेला निर्णय वाचला होता. मी स्वतः डॉक्टर असून हे मला दिसलं नाही, कारण कोड लिहायला बसलो की मी वॉर्ड विसरायचो.

हे जुनंच दुखणं आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांवर शिकवलेल्या एका मॉडेलने दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी असा निष्कर्ष काढला होता. संगणकशास्त्रज्ञ रिच करुआना यांनी २०१५ मध्ये तो उलगडून मांडला: दम्याचे रुग्ण थेट आयसीयूत जात, म्हणून वाचत. हार्वर्डच्या आयझॅक कोहाने यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की बऱ्याच रक्ततपासण्यांच्या बाबतीत निकालापेक्षा ती तपासणी कधी सांगितली यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज जास्त येतो. पहाटे चारला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कोण पाठवतं? नाइट ड्युटी केलेल्याला हे शिकवावं लागत नाही. लॅबमधल्या पीएचडीवाल्यांना मात्र ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तुमची किंमत इथे आहे. कोड त्यांचा तुमच्यापेक्षा चांगलाच राहणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

म्हणून कोड शिकू नका असं नाही. ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने जनुकांच्या नोंदींवरून कोणाला कोणती केमोथेरपी लागू पडेल ते सांगण्याचा दावा केला, त्यावर रुग्णांच्या चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन जैवसंख्याशास्त्रज्ञांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली, आणि औषध लागू पडणाऱ्यांची व न पडणाऱ्यांची लेबलं काही ठिकाणी उलटी. २०१० मध्ये चाचण्या बंद पडल्या. एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करून काम भागवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे मी ऐकवतो. (सेप्ट-२ नावाच्या जनुकाची एक्सेल २ सप्टेंबर ही तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली.)

सराव विमानात बसण्याआधीच सुरू करता येतो. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या आयसीयूच्या नोंदींचा मिमिक हा संग्रह फुकट आहे. ऑनलाइन प्रशिक्षण आणि करारावर सही एवढंच लागतं. करार वाचा: तो डेटा बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकायला मनाई आहे. इथल्या रुग्णालयाची फाइल तर स्वतःच्या लॅपटॉपवर कधीही उतरवू नका, कितीही घाई असली तरी.

एक गोष्ट जरा लाजत सांगतो. पहिल्या लॅबमध्ये मी वर्षभर केस पेपर वाचून लेबलं लावत बसलो, "तू डॉक्टर आहेस ना, तुला जमेल" म्हणून. पेपरवर माझं नाव सातवं आलं. भांडलो नाही, कारण सुरुवातीला विचारलंच नव्हतं. लेबलं लावायला हरकत नाही, पण कामाला लागण्याआधी प्रश्न कोणाचा आणि पहिलं नाव कोणाचं, हे ईमेलवर ठरवून घ्या. इथे ते विचारणं उद्धटपणा मानत नाहीत.

आणि पुढे कधी फॅकल्टीची ऑफर आली, तर "७५ टक्के प्रोटेक्टेड टाइम" (संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ) हे शब्द पत्रात आहेत का ते बघा. वॉर्डमधला सहकारी रजेवर गेला तर त्याची ड्युटी कोण करणार, तेही विचारा. मग त्या जागेवर आधी असलेल्या माणसाचा नंबर मिळवा आणि विभागप्रमुखांना भेटण्याआधी त्याला फोन करा.