बगॅसच्या ताटल्यांचं युनिट टाकताय? आधी माल खरोखर किती मिळेल ते काढा

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या पट्ट्यात बघावं तिकडं ऊस, म्हणून बगॅसला, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याला, तोटा नाही असं धरून मशीन बुक करू नका. शेतात दिसणारा ऊस आणि विकत मिळणारा बगॅस यांच्यात मोठी तफावत असते.

सुरुवात आपल्या गरजेपासून करा. रोज 10 हजार ताटल्या, एक 20 ग्रॅमची, 300 दिवस काम; म्हणजे वर्षाला 60 टन लगदा. कारखान्यातून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. 1 टन ओल्या मालातून 500 किलो कोरडा उरतो. त्यातला मऊ गराचा भुसा साधारण 30 टक्के, तो काढल्यावर 350 किलो धागा. शिजवून धुतल्यावर लगदा 160 ते 170 किलो. साठवणुकीतली 15 टक्के नासाडी धरली तर वर्षाला 430 टनांच्या घरात ओला बगॅस लागतो. तयार लगद्याचे ताव घेणार असाल तरी हा हिशोब सुटत नाही, तो लगदा पुरवणाऱ्याला विचारायचा.

आता पुरवठा. तालुक्याचं ऊसक्षेत्र धरू नका. सीमेवरचा ऊस कोल्हापूर-सांगलीकडंही जातो आणि तिकडचा इकडं येतो, त्यामुळं एकच ऊस दोनदा मोजला जातो. कारखान्याचं प्रत्यक्ष गाळप घ्या, त्याच्या 28 ते 30 टक्के ओला बगॅस. रोज 5,000 टन गाळप म्हणजे 1,400 ते 1,500 टन. आकडा डोळ्यांत भरतो, पण बहुतेक माल त्यांच्याच बॉयलरमध्ये जळतो. म्हणून विचारायचं ते हे: सहवीज, म्हणजे बगॅस जाळून केलेली वीजनिर्मिती, किती महिने चालते? हंगाम संपल्यावर डिस्टिलरीला वाफ कशावर? आणि मागच्या हंगामांत बाहेर किती टन विकला, कुणाला? डिस्टिलरी असलेला कारखाना शिल्लक बगॅस सहसा स्वतःसाठीच राखतो. आपल्याला विकून त्याजागी कोळसा जाळणार असतील, तर आपला माल पर्यावरणपूरक म्हणण्यात अर्थ नाही. हे तोंडावर विचारा.

2019 च्या महापुरानंतरचा आणि 2023 च्या दुष्काळातला हंगाम आकड्यांत असायलाच हवा. सरासरी काढू नका, सगळ्यांत कमी वर्ष धरा. एकाच कारखान्यावर निम्म्यापेक्षा जास्त भिस्त नको. गुऱ्हाळांचं चिपाड जमेला धरू नका, ते वाळवून चुलवाणातच जातं.

नमुना ढिगाच्या वरून घेऊ नका. वरचा थर वाळलेला आणि फिकट असतो. हातभर आत खणा. आतला माल गरम, काळपट आणि आंबूस वासाचा निघाला तर उरलेल्या साखरेमुळं तो आंबलाय, धागा खचलाय. ताटली वाकवली की मोडणार. 100 ग्रॅम मोजून 105 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, उरलेलं वजन हाच कोरडा माल.

गाळप सुरू होतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं, ताटल्या मात्र बारा महिने काढायच्या. म्हणजे सहा-सात महिन्यांचा साठा. पावसाच्या खानापूर भागापेक्षा अथणीकडची कोरडी जागा यासाठी बरी. गठ्ठे करून जमिनीपासून उंच, वारा खेळेल असे रचा, वर छप्पर हवंच. बुरशी चढलेल्या मालाची धूळ फुप्फुसाला बाधते, कामगारांना चांगला मास्क द्या. सुटा बगॅस हलका; गाडी वजनाआधी आकारानंच भरते, म्हणून लांबचा स्वस्त माल भाड्यात महाग पडतो.

खानापूरचा बांबू पर्याय म्हणून बघणाऱ्यांनी दरवर्षी तोडता येतील अशा तीन वर्षांवरच्याच काठ्या मोजाव्यात, अख्खं बेट नाही. फुलोरा आला की बेटच वाळतं.

करार कोरड्या वजनावर करा. 50 ऐवजी 55 टक्के पाण्याचा माल आला, तर त्याच पैशांत टनामागं 50 किलो कोरडा माल कमी पडतो. गाडी उतरवण्याआधी दोघांच्या समोर ओलावा मोजायचा, हे कलम लेखी घाला.