जुन्या लष्करी रायफलींवरचे संदर्भग्रंथ : गोव्यातील अभ्यासकाने कसे शोधावेत, कसे पारखावेत

गोव्यातील एखाद्या घराण्याकडे किंवा संग्राहकाकडे पोर्तुगीज राजवटीतील लष्करी रायफल असली आणि तिच्यावर पोर्तुगालच्या राजाचे मुकुटचिन्ह दिसले, तर तिची माहिती मिळवू पाहणारा माणूस साहजिकच ‘पोर्तुगीज रायफली’ अशा नावाचा एखादा ग्रंथ शोधू लागतो. या वाटेने फारसे हाती लागत नाही. १८८६ मध्ये पोर्तुगालने स्वीकारलेली क्रोपाचेक रायफल ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्यात तयार झाली. १९०४ ची माउझर-व्हेर्गेइरो एका पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्याच्या आराखड्यावरून सिद्ध झाली खरी, परंतु ती घडवली जर्मनीतील डीडब्ल्यूएम या कंपनीने. १९३७ ची माउझर जर्मनीतूनच आली, आणि त्यांच्या कितीतरी आधीच्या वेस्टली रिचर्ड्स व स्नायडर बंदुका इंग्लंडमधून आल्या. म्हणून या शस्त्रांची खरी माहिती ऑस्ट्रियन, जर्मन आणि इंग्रजी शस्त्रांवरील ग्रंथांत विखुरलेली आहे. शोध रायफल वापरणाऱ्या देशाच्या नावाने घेण्यापेक्षा ती घडवणाऱ्या कारखान्याच्या नावाने घ्यावा, हे या कामातील पहिले सूत्र मानावे.

या सूत्राला एक पुरवणी जोडावी लागते. रायफल पुढे कोठे गेली, तेही पाहावे. १८८५ ची गेदेस ही एकबारी रायफल पोर्तुगालने स्वीकारली आणि लगेच क्रोपाचेकच्या बाजूने ती मागे टाकली. स्टायरमध्ये तयार झालेल्या गेदेस रायफलींपैकी पुष्कळ दक्षिण आफ्रिकेतील बोअर प्रजासत्ताकांकडे गेल्या. साहजिकच गेदेसची माहिती बोअर युद्धातील शस्त्रांवरच्या ग्रंथांत सापडण्याचा संभव अधिक आहे, आणि केवळ पोर्तुगालच्या नावाने शोधणाऱ्याचे त्या कपाटाकडे लक्षही जाणार नाही.

ग्रंथ शोधण्यापूर्वी हातातील शस्त्र कोणत्या काळातले आहे, एवढे तरी ठरवावे. तोड्याची (पेटत्या वातीने बार उडवणारी), चकमकीची, केपाची (स्फोटक टोपीवर घोडा आपटून बार उडवणारी), मागून काडतूस भरण्याची आणि बोल्टची (हाताने मागेपुढे सरकवायच्या दांड्याची), असे ढोबळ टप्पे ओळखता आले म्हणजे अर्धे काम झाले, कारण हे विषय निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या ग्रंथांत हाताळले आहेत. नळीवरचे, रिसीव्हरवरचे (नळीमागच्या, बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचे) आणि दस्त्यावरचे सर्व शिक्के व अनुक्रमांक तिरप्या उजेडात स्वच्छ छायाचित्रित करून ठेवावेत. ग्रंथ समोर आल्यावर याच छायाचित्रांशी त्याची पडताळणी करायची असते. शिक्का नीट दिसावा म्हणून पॉलिश पेपरने घासण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

आता प्रत्यक्ष ग्रंथांविषयी. तोड्याच्या बंदुकांसाठी लॉर्ड एगर्टन यांचा भारतीय शस्त्रांवरील १८८० चा सचित्र ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो. तो स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतो. पोर्तुगीजांनी आशियात बंदूक कशी पसरवली, १५४३ मध्ये ती जपानच्या तानेगाशिमा बेटावर कशी पोहोचली, या विषयावर राइनर देनहार्ट यांचे १९९४ चे पुस्तक आहे. गोव्याच्या वाचकाला त्यातील विषय जवळचा वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांसाठी डेव्हिड हार्डिंग यांचा चार खंडांचा ग्रंथ हाच आधार. तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघाला आणि कंपनीच्या मूळ दप्तरावर उभा आहे. विकत घेणे जड जाते, पण ग्रंथालयात कोठे आहे याची चौकशी अवश्य करावी. ब्रिटिश लष्करी बंदुकांसाठी १८५० पर्यंत हॉवर्ड ब्लॅकमोर, १८५३ च्या एनफील्डच्या काळासाठी सी. एच. रोड्स, मार्टिनीसाठी टेंपल व स्केनर्टन, ली-एनफील्डसाठी एकटे स्केनर्टन, असा क्रम लावता येतो. माउझरसाठी रॉबर्ट बॉल यांचे पुस्तक देशवार रचलेले असल्यामुळे पोर्तुगालच्या माउझरचा शोध घेताना सोयीचे पडते. यंत्ररचना नीट समजून घ्यायची असेल तर लुडविग ओल्सन वाचावेत. बर्मिंगहॅमचे बंदूकनिर्माते डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा जाडजूड ग्रंथही जुना आणि विनामूल्य आहे, मात्र लेखक स्वतः धंद्यातला असल्याने आपल्या मालाची तरफदारी करतो, हे ध्यानात ठेवून वाचावा.

ग्रंथ चांगला की नुसता देखणा, हे ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. आपल्याला पक्की माहीत असलेली एकच रायफल त्यात काढावी आणि लेखक तिथे काय म्हणतो ते पाहावे. माउझर-व्हेर्गेइरोचा बोल्ट ऑस्ट्रियन मानलिशर रायफलींच्या धर्तीचा आहे. रिसीव्हरचा मागचा पूल, म्हणजे बोल्टवरून जाणारी धातूची कमान, दुभंगलेला असून बोल्टची मूठ बंद अवस्थेत त्या पुलाच्या पुढे बसते. ती साधी ‘१८९८ ची माउझर’ म्हणून जो लेखक निकालात काढतो, त्याने ती हातात घेतलेली नाही, एवढे निश्चित समजावे. मार्टिनी-हेन्रीबाबतही अशीच कसोटी लावता येते. तिच्या नावातील हेन्री म्हणजे नळीच्या आतील आटे आखणारे एडिनबरोचे अलेक्झांडर हेन्री; अमेरिकन हेन्री रायफलशी त्यांचा संबंध नाही. घाईने जुळवलेल्या चित्रमय कोशांत हा घोटाळा होऊ शकतो.

दुसरी कसोटी बनावट मालाची. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल भागात पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला बनत आल्या आहेत. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली, तरी त्या नकलांवर कधी ‘व्ही. आर.’ या तिच्या नाममुद्रेखाली नंतरचे साल कोरलेले आढळते, कधी अक्षरे उलटी पडलेली असतात. ज्या ग्रंथात अशा नकला ओळखण्याविषयी चकार शब्द नाही, तो भारतीय उपखंडातील संग्राहकाला अपुरा पडणार. तसेच शिक्क्यांची छायाचित्रे आहेत की केवळ रेखाटने, हे पाहावे. ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण आणि ती लष्करातून विकून टाकल्यावर त्याच्या टोकाला टोक भिडवून मारलेला दुसरा बाण, हा फरक वाचकाला चित्रावरून कळला पाहिजे.

तळटीपा आणि आधारसूची नसलेला ग्रंथ संदर्भासाठी घेऊ नये. ब्रिटिश शस्त्रांच्या लेखकाने युद्धसामग्रीतील बदलांच्या अधिकृत नोंदी पाहिल्या आहेत का, पोर्तुगीज शस्त्रांच्या लेखकाने ‘ऑर्देम दो एझेर्सितो’ हे लष्करी आदेशांचे प्रकाशन चाळले आहे का, याचा शोध शेवटच्या पानांवर पाच मिनिटांत लागतो. नुसत्या किमती देणाऱ्या मार्गदर्शिका येथे निरुपयोगी आहेत. डॉलरमधील तो भाव म्हापशाच्या किंवा मडगावच्या माणसाला काय कामाचा? लिलावगृहांच्या जुन्या सूची मात्र छायाचित्रांसाठी जपून ठेवाव्यात.

आवृत्तीचे साल पाहिल्याशिवाय ग्रंथ मागवू नये. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील (शस्त्रागारातील) जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेऊन बाहेर नेला, आणि त्यानंतर नेपाळच्या गहेंद्र रायफलीसारखी शस्त्रे संग्राहकांना मोठ्या संख्येने पाहायला मिळाली. त्याआधी छापलेले ग्रंथ या विषयात कच्चे असणे स्वाभाविक आहे. याउलट काही पुनर्मुद्रणांत मजकूर जुनाच राहून केवळ वेष्टन बदलते, म्हणून विक्रेत्याकडून मुद्रणपृष्ठाचे छायाचित्र मागवून घ्यावे. १९७० पूर्वीच्या ग्रंथांना सहसा आयएसबीएन क्रमांक नसतो. ते लेखक, प्रकाशक व साल यांवरूनच शोधावे लागतात.

गोव्यात शोधाची सुरुवात पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून करावी. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पोर्तुगीज ग्रंथांचा जुना संग्रह आहे, आणि सूचीत शोधताना ‘एस्पिंगार्दा’ (बंदूक), ‘काराबिना’ (आखूड रायफल) व ‘आर्मामेंतु’ (शस्त्रसामग्री) हे पोर्तुगीज शब्दही घालून पाहावेत, अन्यथा निम्मी पुस्तके नजरेआड राहतील. आल्त पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चचे ग्रंथालय आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय हे पुढचे टप्पे. पोर्तुगीज वाचता येत नसेल, तर ती भाषा शिकलेली वडीलधारी मंडळी अजून गावोगाव आहेत. लष्करी आदेशाचे एखादे पान त्यांच्याकडून वाचून घेण्यात संकोच कसला? लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल विभाग घरबसल्या पाहता येतो, आणि एखादा ग्रंथ जगातील कोणत्या ग्रंथालयात आहे हे वर्ल्डकॅटवरून कळते.

कारखान्यावरच्या ग्रंथांतून रायफल कशी घडली ते कळते. ती गोव्यात कोणाच्या हाती होती, हे त्यांतून कळत नाही. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्यास नकार देऊन येथील सैनिकांनी बंड केले, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले आणि ते मोडण्यासाठी राजबंधू दों आफोन्सो यांच्याबरोबर पोर्तुगालहून फौज आली. कोणत्या तुकडीकडे कोणते शस्त्र होते, असे प्रश्न सोडवायचे तर १८३७ पासून निघू लागलेले ‘बोलेतिं’ हे पोर्तुगीज सरकारी राजपत्र आणि पणजीच्या पुराभिलेखागारातील कागद यांच्याकडेच वळावे लागते. हे काम वेळखाऊ आहे. मात्र घराण्यातील ऐकीव कथा खरी की खोटी, याचा निवाडा होण्याची शक्यता याच कागदांत आहे.

जुना ग्रंथ परदेशातून मागवताना टपालखर्च व सीमाशुल्क धरून किंमत काढावी, कारण मोठ्या आकाराच्या जड ग्रंथाचे टपाल कधी पुस्तकाइतकेच महाग पडते. प्रत गोव्यातील किंवा किनारपट्टीवरील असेल तर आणखी एक गोष्ट विचारावी. छायाचित्रांसाठी वापरलेला गुळगुळीत कागद आपल्या पावसाळ्यातील दमटपणाने एकमेकांना चिकटतो, आणि तो सोडवताना नेमकी शिक्क्यांची पाने फाटतात. विक्रेत्याने चित्रपृष्ठे उलगडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ग्रंथाला परवाना लागत नाही, शस्त्राला लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्य असलेल्या शस्त्राला मिळते, परंतु ते दुरुस्त करूनही बार उडवण्याजोगे नसेल तरच. ग्रंथात ‘पुरातन’ असे वर्णन छापलेले आहे, एवढ्या आधारावर एखादी रायफल विकत घेऊ नये किंवा घरात ठेवू नये. ग्रंथातील ते पान आणि शस्त्राची छायाचित्रे घेऊन आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी.