लोअर आर्मचे बुश लवकर फाटायलेत? बोल्ट कधी आवळला ते बघा

फोर बाय फोरच्या पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबरी बुश बदलून वर्ष होत नाही तोच परत खडखड सुरू, अन् मेकॅनिक म्हणणार साहेब रस्तेच तसले. तसले आहेतच म्हणा, काळ्या मातीवरचा रोड पावसाळ्यात फुगतो उन्हाळ्यात भेगाळतो, वरून उसाच्या ट्रॉल्या. पण माझे दोन सेट गेल्यावर कळलं की घोळ फिटिंगमधे होता.

रबरी बुश फिरत नसतो, पिळला जातो. आतली नळी बोल्टनं जाम, बाहेरची आर्ममधे दाबून बसवलेली, सगळा पीळ मधल्या रबरानं सोसायचा. गाडी लिफ्टवर अन् चाकं लोंबकळत असताना बोल्ट फुल आवळला की गाडी खाली येताच रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं, मग एक मोठा खड्डा आला की फाटलंच. म्हणून वर असताना बोल्ट नुसते अडकवून ठेवायला सांगा, चाकं जमिनीवर टेकवून गाडी दोन-चारदा दाबा, मागं-पुढं ढकला, अन् मग टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. गाडी उंच करायची लिफ्ट किट टाकली तरी हेच, नव्या उंचीवर बोल्ट ढिले करून परत आवळायचे. नंतर अलाइनमेंट.

अजून एक, वॉशिंगवाले खालून डिझेल फवारतात ते बंद करा, रबर फुगून मऊ पडतं. ग्रीस पण नको. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं.