कॅम्पसचं नेट रडतंय? लिंक वाढवण्याआधी या चुका टाळा

‘नेट स्लो आहे’ अशी ओरड झाली की विद्यापीठात पहिली फाईल फिरते ती बाहेरून येणारी इंटरनेटची लिंक वाढवण्याची. बिल वाढतं आणि वसतिगृहातली तक्रार आहे तिथेच राहते, कारण दुखणं बहुतेक वेळा गेटच्या आतलंच असतं. म्हणून आधी मोजा. लॅपटॉप केबलने कोअर स्विचला (सगळ्या इमारती जोडणारा मुख्य स्विच) लावून वेग बघा, मग तक्रार आलेल्या इमारतीच्या स्विचला लावून, आणि शेवटी तिथल्या वायफायवर. वेग ज्या टप्प्याला गळतो, तिथून शोध सुरू करायचा.

पत्ते संपणं

४०० मुलांचं वसतिगृह, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे ८०० उपकरणं. त्यांना /२४ चा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) दिला तर वापरता येणारे पत्ते २५४. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत (उपकरणांना पत्ते आपोआप वाटणारी सेवा) लीजची, म्हणजे पत्ता एका उपकरणाच्या नावे राहण्याची, मुदत मुळात ८ दिवसांची असते, त्यामुळे सुट्टीला गावी गेलेल्या मुलाचा पत्ताही अडकून पडतो. मग फोनवर वायफायची खूण दिसते, पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे डीएचसीपीकडून न मिळाल्याने उपकरणाने स्वतःच घेतलेला असतो आणि नेट काही चालत नाही. इथे /२२ द्या (१०२२ पत्ते) आणि लीज ८ ते १२ तासांवर आणा. व्याख्यानगृहांत १-२ तास पुरतात.

मात्र पत्ते पुरावेत म्हणून सगळा कॅम्पस एकाच व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं आभासी जाळं) कोंबू नका. प्रत्येक इमारतीचे स्वतःचे व्हीलॅन ठेवा आणि इमारतींमधले दुवे राउटेड (आयपी पत्ता बघून वाहतूक पुढे पाठवणारे) करा. १२ क्रमांकाच्या इमारतीला १०.१२ ने सुरू होणारे पत्ते दिले, तर लॉगमध्ये पत्ता बघताक्षणी इमारत कळते.

लूप

खोलीत पॉइंट एक, मुलं चार. कोणीतरी पाच पोर्टचा स्विच आणतं. मग झाडलोट करताना लोंबणारं केबलचं टोक दिसतं आणि ते त्याच स्विचमध्ये खुपसलं जातं. झालं! ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश) गोल गोल फिरू लागतो, मजल्यावरच्या स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकतात आणि त्या व्हीलॅनमधल्या सगळ्यांचंच नेट बसतं.

उपाय म्हणजे वापरकर्त्यांच्या प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड. बीपीडीयू म्हणजे लूप टाळण्यासाठी स्विच पाठवतात ते संदेश; असा संदेश पोर्टवर आला की गार्ड तो पोर्ट बंद करतो. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, त्यामुळे गार्डला लूपचा पत्ताच लागत नाही. म्हणून जोडीला स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्ट मर्यादेपलीकडे गेला की अडवणारी सोय) हवाच. बंद पडलेला पोर्ट ३०० सेकंदांनी आपोआप उघडेल अशी सोय ठेवा, नाहीतर रात्री दोनला फोन तुम्हालाच येणार. लूप तसाच असेल तर पोर्ट पुन्हा बंद होईल, बिघडत काही नाही.

स्पॅनिंग ट्रीचा (लूप टाळण्याची स्विचची आपसातली पद्धत) रूट, म्हणजे त्यातला मुख्य स्विच, नशिबावर सोडणं ही यातलीच दुसरी चूक. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मूळची ३२७६८ राहिली तर सर्वांत लहान मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) असलेला स्विच रूट होतो, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातल्या कपाटातला सर्वांत जुना डबा असतो. लहान आकडा जिंकतो, म्हणून कोअरला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ द्या.

घरचा राउटर

घरून आणलेल्या राउटरच्या वॅनऐवजी (बाहेरच्या नेटसाठीचा पोर्ट) लॅन पोर्टमध्ये (आतल्या उपकरणांसाठीचा) भिंतीची केबल घातली, की तो शेजारपाजारच्या खोल्यांना स्वतःचे पत्ते वाटायला लागतो. कॅम्पसचे पत्ते १० ने सुरू होतात आणि तक्रार करणाऱ्याकडे १९२.१६८.०.१०५ दिसतंय, तर निदान झालंच. त्याच लॅपटॉपवर ‘एआरपी’ कमांडने गेटवेचा (लॅपटॉप ज्यातून बाहेर जातो ते उपकरण) मॅक काढा, तो स्विचच्या मॅक टेबलमध्ये शोधा आणि पोर्टमागून पोर्ट पकडत खोलीपर्यंत जा.

कायमचा बंदोबस्त हवा तर डीएचसीपी स्नूपिंग (फक्त ‘ट्रस्टेड’ पोर्टवरूनच पत्ते वाटू देणारी सोय) लावा. ते लावताना अपलिंकचा (वरच्या स्विचकडे जाणारा) पोर्ट ‘ट्रस्टेड’ करायला विसरलं तर अख्ख्या इमारतीला पत्ता मिळणं थांबतं. ट्रस्ट करूनही पत्ते येत नसतील तर स्विच विनंतीत ऑप्शन ८२ (ती कोणत्या पोर्टवरून आली याची नोंद) घुसवतोय का ते बघा. काही ठिकाणी पुढचा रिले (विनंत्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोचवणारा) अशा विनंत्या टाकून देतो.

इमारतींमध्ये तांब्याची केबल

हे करूच नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि मृगाच्या पहिल्या कडकडाटात दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जातात. सिंगल मोड फायबरच टाका आणि शक्यतो दोन वेगळ्या वाटांनी, कारण खोदकामाचा जेसीबी कोणाला विचारून येत नाही. लिंक पडली की मॉड्यूलवरची (फायबर ज्यात खोचतात तो स्विचचा सुटा भाग) प्रकाशाची पातळी वाचा. १० गिगाबिटच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलला −१४.४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली भरवशाने काम जमत नाही. मॉड्यूल बदलण्याआधी कनेक्टरचं टोक पुसा. निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

वायफाय आणि वीज

बोळात रांगेने टांगलेले ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) एकमेकांनाच छान ऐकू येतात, खोलीतल्या मुलाला नाही. ते खोल्यांमध्ये लावा. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६ आणि ११ हे चॅनल. ५ गिगाहर्ट्झवर गर्दीच्या जागी चॅनलची रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ, ८० चा मोह नको. वायफायची नावं तीनच ठेवा, कारण प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे १० बीकन (‘मी इथे आहे’ सांगणारे संदेश) पाठवतं आणि हवेतला वेळ खातं.

२४ पोर्टच्या स्विचवर ‘पीओई प्लस’ (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय) लिहिलंय म्हणून २४ ॲक्सेस पॉइंट चालतीलच असं नाही. स्विचचं विजेचं बजेट ३७० वॉट असेल तर प्रत्येकी ३० वॉटने १२ च बसतात. तेरावा लावला की एकतर तो उठत नाही, नाहीतर दुसरा एखादा झोपतो.

रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट

रेडियस म्हणजे वायफायचं लॉगिन तपासणारा सर्व्हर. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली की एका सकाळी कोणाचंच लॉगिन होत नाही. मग घाईघाईत सूचना निघते, ‘सर्टिफिकेट तपासू नका असं निवडा’. एज्युरोमवर (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) ही सूचना म्हणजे पासवर्ड वाटण्यासारखंच आहे, कारण त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट कोणीही उभा करू शकतो. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीची आठवण लावा, आणि ती एकाच माणसाच्या मेलवर नको.