घोड्याच्या केसांचा स्पोरन कसा निवडायचा आणि आपल्याला हवा तसा कसा करून घ्यायचा

किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्यासारख्या पोशाखाला, खिसे नसतात, म्हणून पुढे कमरेखाली जी पिशवी लटकवतात ती म्हणजे स्पोरन. रोजच्या वापराचा साधा चामड्याचा असतो, पार्टीला घालायचा फरचा असतो, आणि तिसरा म्हणजे लांब केसांचा, चालताना डावीकडे-उजवीकडे झुलणारा. बॅगपाइप वाजवणाऱ्या बँडचा ड्रम मेजर, म्हणजे हातात लांब दांडा घेऊन बँडला चालवणारा, सगळ्यात पुढे चालत येतो तेव्हा लोकांची नजर आधी त्याच्या दांड्यावर जाते आणि मग थेट या स्पोरनवर. स्कॉटलंड, कॅनडा किंवा न्यूझीलंडमध्ये पाइप बँडमध्ये शिरलेल्या आपल्या मराठी मुलामुलींना, किंवा स्कॉटिश घरात लग्न ठरलंय आणि पूर्ण थाटातच उभं राहायचंय अशांना तो विकत घ्यायची वेळ येते, आणि वस्तू महाग असल्यामुळे नीट बघून घेतलेली बरी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, पैसे केसांवर आणि मापावर घाला. गोंडे, बिल्ले, साखळी हे सगळं नंतर बदलता येतं, पण केस विरळ निघाले किंवा लांबी चुकली तर त्या स्पोरनचं काहीच करता येत नाही.

आधी ठरवा, घालणार कुठे

बँडसाठी घेत असाल तर दुकानात जायच्या आधी बँडला विचारा. प्रत्येक बँडचा आपला नमुना ठरलेला असतो, केसांचा रंग, गोंडे किती, गोंड्यांचा रंग, सगळं, आणि ओळीत एकाचा वेगळा दिसला की ओळच बिघडते. शिवाय स्पर्धांमध्ये, म्हणजे ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर होणाऱ्या पाइप बँडच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपलासुद्धा, बहुतेक बँड वेस्टकोट, ग्लेनगॅरी ही घडीची लांबट टोपी आणि साधा स्पोरन अशाच वेशात वाजवतात. केसांचा स्पोरन बाहेर येतो तो पिसांची उंच टोपी, डब्लेट म्हणजे अंगाबरोबर बसणारं सजवलेलं जॅकेट आणि खांद्यावर प्लेड म्हणजे चौकड्यांचं लांब कापड असा पूर्ण जामानिमा असतो तेव्हा. तुमच्या बँडकडे तो जामानिमाच नसेल तर एवढा खर्च करू नका.

लग्नासाठी किंवा संध्याकाळच्या मोठ्या समारंभासाठी घालणार असाल तर डब्लेटबरोबर तो सुंदर दिसतो. प्रिन्स चार्ली या किल्टवर घालायच्या आखूड समारंभी जॅकेटवर मला फरचाच जास्त आवडतो, पण केसांचा घातला तर कुणी अडवणार नाही. दिवसा ट्वीडच्या जॅकेटवर मात्र अजिबात नको, तिथे साधं चामडंच शोभतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. हा लांब केसांचा प्रकार मोठा झाला तो हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातल्या, पलटणींमध्ये. कलोडनच्या लढाईत हायलँडमधल्या बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाख पुरुषांना बंद केला, सैनिकांना मात्र सूट होती, आणि बंदी उठली ती थेट 1782 साली. पुढे पलटणींनी आपापले नमुने ठरवले. ब्लॅक वॉच पलटणीचा पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे, कॅमेरन हायलँडर्स पलटणीचा काळ्या केसांवर दोन लांब पांढरे. त्या गोंड्यांमागे माणसांनी दिलेलं रक्त आहे. त्यामुळे आपला स्पोरन करून घेताना एखाद्या पलटणीचा नमुना जसाच्या तसा उचलू नका, आणि पलटणीचा बिल्ला तर नकोच, ज्यांच्या घरातलं कुणी तिथे होतं त्यांची गोष्ट वेगळी.

माप: किल्ट अंगावर असतानाच घ्या

पँटवर माप घेऊन ऑर्डर देतात आणि मग स्पोरन गुडघ्यावर आपटत राहतो. किल्ट नीट घाला, म्हणजे बेंबीच्या आसपास उंच बांधलेला, खालचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला. जो पट्टा किंवा वेस्टकोट घालणार तोही घाला. बकलच्या खालच्या कडेपासून साधारण 4 इंच, म्हणजे 10 सेंटीमीटर खाली स्पोरनची वरची कड यायला हवी. तिथून किल्टच्या काठापर्यंत टेप लावा. समजा बकलपासून काठापर्यंत 22 इंच भरले तर 4 वजा करून 18 उरले, आणि केसांची टोकं काठाच्या इंच-दोन इंच वर थांबलेली बरी दिसतात, म्हणजे धातूच्या माथ्यासकट एकूण 16 ते 17 इंचांचा स्पोरन बघायचा. जुन्या व्हिक्टोरियन फोटोंमध्ये काठाच्याही खाली लोंबणारे स्पोरन दिसतात, तेव्हा तशी चाल होती, आता तसा घातला तर उंची कमी वाटते आणि चालताना केस पायात येतात. बुटक्या माणसाने तर लांबीच्या मोहात अजिबात पडू नये.

पट्ट्यासाठी वेगळं माप लागतं, कमरेचं नाही, कुल्ल्यांवरून फिरवून घेतलेलं, किल्टच्या वरूनच.

केस कसे पारखायचे

केस मधोमध बोटांनी बाजूला करा आणि खाली बघा. लगेच चामडं दिसलं तर भरणी विरळ आहे, वर्षा-दोन वर्षांत टक्कल दिसायला लागेल. चांगल्या कामात ओळीवर ओळ घट्ट शिवलेली असते आणि चामडं सहज सापडत नाही. मग खालची टोकं बघा. शेपटीचे केस जाड, सरळ आणि वजनदार असतात, हलवले की एकत्र झुलून परत जागेवर येतात. जुन्या स्पोरनमध्ये बकऱ्याचे केसही वापरलेले सापडतात, ते मऊ आणि थोडे लाटदार असतात, वाईट नसतात पण तसे झुलत नाहीत. नायलॉनची शंका आली तर दुकानदाराला विचारून एक केस काढा आणि जाळून बघा. खरा केस जळक्या केसांचा वास सोडतो आणि त्याची राख चुरडली जाते, नायलॉन वितळून कडक मणी होतो. बँडच्या लहान पोरांसाठी नायलॉन ठीक आहे, पावसात कमी रडवतो. पण खऱ्या केसांचे पैसे देऊन नायलॉन घरी आणू नका.

मागची बाजू हमखास बघा, ती बघायची राहून जाते. मागचं चामडं किंवा धातूची कड खरखरीत असेल तर किल्टचं पुढचं कापड घासून खराब होतं, आणि किल्ट स्पोरनपेक्षा कितीतरी महाग असतो. ओलसर पांढरा रुमाल चामड्यावर घासा, रंग उतरला तर तो स्पोरन तिथेच ठेवा. खिसाही बहुतेक मागेच असतो आणि छोटा असतो, आपला मोठा फोन बसतो का ते दुकानातच घालून बघा.

पाकिस्तानातल्या सिआलकोटमध्ये पाइपपासून स्पोरनपर्यंत सगळा हायलँड माल प्रचंड बनतो आणि जगभर जातो, ऑनलाइन स्वस्तात दिसतो त्यातला बराचसा तिथलाच. सगळा वाईट असतो असं नाही, पण फोटोवर भरवसा ठेवू नका, केस बाजूला करून काढलेला आणि मागच्या बाजूचा असे दोन फोटो मागवा.

जुना सीलच्या कातड्याचा स्पोरन कुणी स्वस्तात देत असेल तर सांभाळून. अमेरिकेत 1972 च्या कायद्यापासून सागरी सस्तन प्राण्यांच्या वस्तूंवर कडक बंधनं आहेत आणि युरोपनेही 2009 मध्ये सीलच्या मालाचा व्यापार जवळजवळ बंद केला. घोड्याच्या केसांना ही कटकट नाही. मात्र ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये शिरताना प्राण्यापासून बनलेली वस्तू म्हणून फॉर्मवर लिहा.

आता आपल्या मनासारखा करायचा

वरचा धातूचा भाग, त्याला कॅन्टल म्हणतात, तो आधी निवडा कारण बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं आहे. बकल, जॅकेटची बटणं, किल्ट पिन चंदेरी असतील तर कॅन्टलही चंदेरी, सोनेरी मिसळू नका. नक्षी कमी असलेली घ्या, लांब केसांचीच शोभा पुरेशी असते. मधे थिसलचं, म्हणजे स्कॉटलंडचं चिन्ह असलेलं काटेरी, फूल किंवा घराण्याचं चिन्ह बसवून मिळतं, मागच्या बाजूला नाव आणि तारीख कोरून घेता येते, लग्नासाठी असेल तर मला ही कल्पना फार आवडते.

मग गोंडे. लांब असतील तर दोनच, आखूड असतील तर तीन किंवा पाच. पांढऱ्या केसांवर काळे आणि काळ्यावर पांढरे हे सगळ्यात उठून दिसतं, राखाडी केसांवर मात्र काळेच. गोंडे घरी बदलायचे असतील तर जुने काढायच्या आधी समोरून फोटो काढा, प्रत्येकाच्या दोरीची लांबी लिहून ठेवा, नवे सैल बांधून स्पोरन अंगावर लटकवून आरशात बघा आणि मगच पक्की गाठ मारा. टेबलावर सरळ दिसणारे गोंडे अंगावर वाकडे पडतात. गोंड्याच्या धातूच्या टोप्या कॅन्टलच्याच रंगाच्या हव्यात.

पट्टा घेताना पूर्ण साखळीचा नको, मागे चामडं आणि फक्त बाजूंना साखळी असा घ्या, नाहीतर साखळी मागच्या चुण्या खाऊन टाकते.

सांभाळायचं कसं

विंचरताना जाड दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून वर वर जा, वरून खाली ओढलं तर केस मुळातून निघतात. मळले तर कॅन्टल वर धरून फक्त केस कोमट पाण्यात साध्या शॅम्पूने धुवा, चामडं भिजू देऊ नका. पांढरे केस पिवळट पडले असतील तर पांढऱ्या घोड्यांसाठी मिळतो तो जांभळा शॅम्पू वापरा. टांगून सावलीत वाळवा, हेअर ड्रायर नको.

प्रवासात सगळे केस एकत्र घेऊन जुन्या लांब मोज्याचा पुढचा भाग कापून तो त्यावर चढवा, घडी अजिबात पडत नाही, आणि पडलीच तर केटलच्या वाफेवर लांबून धरून विंचरली की निघते. घरी मात्र बॅगेत कोंबून ठेवू नका, कपाटात हुकला उभा टांगा, प्लास्टिक न घालता, शेजारी देवदाराचा तुकडा ठेवा कारण कसर घोड्याच्या केसांनाही लागते. पावसात परेड झाली असेल तर त्याच रात्री बाहेर काढून वाळत घाला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.